“तो सगळं खातो”: मुलाच्या खाण्याबद्दल खरं कुणाला सांगायचं आणि किती

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, नर्सरीत जातो. वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर रोज डब्यांचे फोटो येतात. या आईनेही तिथे लिहिलं की आमच्याकडे बिस्किटं येतच नाहीत, सकाळी नाचणीचं सत्त्व असतं आणि डब्यात भाजी घालून केलेला पराठा. प्रत्यक्षात मुलगा सकाळी आजीच्या चहात बिस्किटं बुडवून खातो, भाज्यांमध्ये फक्त बटाटा खातो आणि रात्री मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. ग्रुपवर जे लिहिलं तेच तिने मुलाच्या डॉक्टरांनाही सांगितलं. मग एके दिवशी ग्रुपमधल्या दुसऱ्या आईने फोन केला आणि रडत विचारलं, “तुम्हाला कसं जमतं हो? माझंच काहीतरी चुकतंय.” तेव्हापासून या आईला झोप नाही. नवरा म्हणतो, लोकांना खरं सांगायची गरजच काय? ती विचारते: मी वाईट आई आहे का, आणि आता काय करू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर “नाही” असं आहे आणि त्यावर मला अधिक काही लिहायचं नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाच्या खाण्याबद्दल ओपीडीत पहिल्या फटक्यात जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा पूर्ण खरं नसतं, आणि यात शिकलेले पालक आले, न शिकलेले आले, स्वतः डॉक्टर असलेलेही आले. “मूल काय खातं?” असं कुणी विचारलं की आईला वाटतं आपली परीक्षा चालली आहे. आपल्याकडे तर बारशापासून हेच चालतं. “किती वाळलाय गं हा”, “दूध पुरत नसेल तुझं”, “माझी मुलं ताटात शीत टाकत नव्हती”. हे सगळं ऐकत आलेली बाई सावध उत्तर देणारच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर द्यावं लागेल, कारण तुम्ही बोललेल्या सगळ्या खोट्या गोष्टींचं वजन सारखं नाही. माझं मत आधीच सांगते. मुलाच्या शरीराबद्दल ज्याला काही ठरवायचं आहे, म्हणजे डॉक्टर, पाळणाघरातल्या बाई, घरात भरवणारी माणसं, त्याला शेवटच्या बिस्किटापर्यंत खरं कळलं पाहिजे. ज्याला काही ठरवायचं नाही त्याला तुम्ही हिशेब देणं लागत नाही. पण दिलाच, तर खोटा देऊ नये. आणि मुलाच्या देखत खाण्याबद्दल खोटं अजिबात बोलू नये. या तिन्हींत ग्रुपवरचं खोटं मला सर्वांत हलकं वाटतं, आणि तुम्हाला झोप लागत नाही ती नेमकी त्याच्यामुळे. म्हणून क्रम थोडा बदलून सांगते.

आधी डॉक्टर. तुमच्या डॉक्टरांनी “सगळं खातो ना?” असं विचारलं असेल आणि तुम्ही “हो” म्हणालात. मी तसं विचारत नाही. मी म्हणते, “काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याच्या तोंडात काय काय गेलं ते क्रमाने सांगा. मधलं, येताजाता दिलेलं, आजोबांनी दिलेलं, सगळं.” आहारतज्ज्ञही असाच मागच्या चोवीस तासांचा आहार विचारतात. “काय खातो?” या प्रश्नाला पालक चांगल्या दिवसाचं उत्तर देतात, “काल काय खाल्लं?” या प्रश्नाला मात्र काल आठवावा लागतो. मग चित्र पालटतं. वरण-भात, पोळी-भाजी, फळं असं सुरू झालेलं वर्णन हळूहळू पावडर घातलेलं दूध, दोन बिस्किटं, डब्यातला अर्धा पराठा, शाळेतून येताना वेफर्सचं पाकीट, दुपारी पुन्हा दूध, रात्री मोबाइलवर चार घास, झोपताना बाटली, इथे येऊन थांबतं.

यावर डॉक्टरांनी रागवायचं नसतं. काहीजण रागावतात हे मला ठाऊक आहे, आणि पालक खोटं बोलायला तिथेच शिकतात. पण त्या माहितीविना उपचार चुकतात, म्हणून एक उदाहरण देते. दोन वर्षांची मुलगी, चेहरा पांढुरका, हिमोग्लोबिन साडेसात. या वयात ते किमान ११ हवं. आई म्हणाली, “सगळं खाते, फक्त थोडं थोडं.” लोहाचं औषध सुरू केलं. महिन्याने तपासलं तर फरक जेमतेम. त्या वेळी सोबत आजी होती. ती सहज म्हणाली, “रात्रीतून तीन बाटल्या लागतात तिला, दिवसा दोन.” म्हणजे लिटरभराहून जास्त दूध. गाईच्या एक लिटर दुधातून साधारण साडेसहाशे कॅलरी मिळतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरजच हजाराच्या आसपास असते. भूक उरणार कुठून? त्यात लिटरभर दुधात लोह साधारण अर्धा मिलिग्रॅम, आणि या वयाची शिफारस दिवसाला ८ मिलिग्रॅम. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन लोहाचं शोषण अडवतात. बाटली बंद केली, दूध चारशे मिलिलिटरवर आणलं, तेच औषध दुधापासून लांबच्या वेळेला द्यायला सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात मुलीचे गाल बदलले. आई खोटारडी नव्हती. दूध पाजणं ही चांगली गोष्ट आहे असं तिला लहानपणापासून सांगितलं गेलं होतं, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं किंवा सांगण्यासारखं काही आहे हे तिच्या मनातच आलं नाही.

औषधांचंही असंच. लोहाच्या सिरपने शी काळी होते, दात काळवंडतात, पोट घट्ट होतं, म्हणून अनेक घरांत बाटली आठवड्याभरात बाजूला पडते. विचारलं की उत्तर येतं, “देतोय ना.” मग डॉक्टर डोस वाढवतात, महागडी तपासणी सांगतात, नको त्या आजाराचा शोध सुरू होतो. “बंद केलं, त्याला उलटी होत होती” या एका वाक्याने हे सगळं वाचतं. ब्रँड बदलता येतो, वेळ बदलता येते, सिरप जिभेच्या मागच्या बाजूला देऊन वर पाणी पाजता येतं.

आपल्याकडे उलट दिशेचं खोटंही तितकंच चालतं. ग्रुपवर “सगळं खातो” आणि डॉक्टरकडे “काहीच खात नाही”. मूल छान जेवतं म्हटलं की दृष्ट लागते, असं मानणारी घरं शहरातही भरपूर आहेत. त्यातून “काहीच खात नाही” म्हटलं की भूक लागायचं औषध मिळेल ही आशा असते. इथे आकडे उपयोगी पडतात. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं, आणि पुढे शाळेच्या वयापर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. वाढीचा वेग एवढा उतरला की भूकही उतरते. आजार म्हणून त्याकडे बघू नये. त्या वयात “काही खात नाही” म्हणून आणलेल्या बहुतेक मुलांच्या वाढीचा आलेख अगदी व्यवस्थित चाललेला असतो. अशा मुलाला सायप्रोहेप्टाडिनसारखी भूक वाढवणारी औषधं सर्रास देणं मला मान्य नाही. त्यांनी मूल पेंगतं, आणि औषध थांबलं की भूक पुन्हा पहिल्यासारखी होते. आलेख नीट असेल तर मूल पुरेसं खातंय, मग ताटात कितीही उरो.

आता मुलाच्या देखत बोललेल्या खोट्याकडे येते. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तुम्ही त्याबद्दल काही विचारलेलं नाही.

ओपीडीत नेहमी घडणारा प्रसंग आहे. आई सांगत असते, “बाहेरचं काही देत नाही आम्ही.” टेबलाखाली खेळणारं मूल डोकं वर काढून म्हणतं, “काल मॅगी खाल्ली मी!” आईचा चेहरा उतरतो, ती मुलाचा दंड दाबते, मूल गप्प होतं. मी अशा वेळी आधी मुलाशी बोलते. “खाल्लीस? आवडली? कुणी केली?” आणि मग आईला म्हणते, बरं झालं कळलं, महिन्यातून किती वेळा होते ते सांगा म्हणजे बाकीचं ठरवू. कारण त्या दाबलेल्या दंडातून मूल शिकतं ते असं, की काही खाणं चोरून करायचं असतं आणि आईसुद्धा ते चोरून करते. तीन-चार वर्षांच्या वयात मुलं स्वतः खोटं बोलायला नुकती शिकत असतात. शाळेच्या वयात कपाटामागे रॅपर लपवणारी मुलं मी पाहते, आणि त्यांच्या घरी खाऊवर कडक बंदी आणि पाहुण्यांसमोर बढाई या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा असतात.

“हा भाजी खातच नाही” हे मुलासमोर दहा जणांना सांगणंही टाळा. ते खरं असलं तरी. मूल मग तसंच वागून दाखवतं. “अजून त्याला सवय होतेय” एवढं म्हणा, कारण वैद्यकीयदृष्ट्याही तेच बरोबर आहे. दोन ते सहा या वयात नवीन चवीची भीती सर्वाधिक असते. एखादी भाजी पसंत पडायला ती आठ-दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर ती ताटात वाढणंच थांबतं. तुमच्या मुलाला बटाट्याशेजारी चमचाभर दुधी, चमचाभर गाजर रोज वाढत राहा. तो खाईल का याकडे बघू नका. आग्रह केला, ढकललं, “एक घास चिऊचा” करत कोंबलं, की त्या पदार्थाची नावड पक्की होते. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी कामाची जी वाटणी सुचवली ती मी पालकांना कायम सांगते: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते मुलाने. आपल्या घरांत हे पचायला जड जातं, कारण भरवणं हे आपल्याकडे प्रेम दाखवण्याचं पहिलं साधन आहे. तरीही करून बघा.

मोबाइलबद्दल खोटं बोलत नाही असं घर मला क्वचितच भेटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, आणि दोनच्या आतल्यांना तो नकोच. जेवताना पडदा असला की मुलाला पोट भरल्याचं कळत नाही आणि चवही कळत नाही. तोंड उघडतं, एवढंच. तुमच्या घरी तो एकदम बंद केला तर पहिले चार-पाच दिवस मूल रात्री अर्धपोटी झोपेल आणि घरात सगळे तुमच्यावर चिडतील. म्हणून आधी एकाच जेवणापासून सुरुवात करा, शक्यतो सकाळच्या, जेव्हा भूक खरी असते. त्या जेवणाला घरातलं कुणीतरी त्याच्याबरोबर जेवायला बसलंच पाहिजे. वडिलांनी बसावं असं मी मुद्दाम सांगते. प्रश्न सगळे आईला विचारले जातात, आणि मूल कितीला जेवलं हे वडिलांना माहीत नसतं, हे बदलायला हवं.

आजींचा चहा आणि बिस्किटं. बिस्किटांपेक्षा मला चहाची काळजी वाटते. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत मोठ्यांनासुद्धा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. बिस्किटांचं गणित असं: साध्या ग्लुकोज बिस्किटात वजनाच्या पाव हिस्सा साखर असते, चार लहान बिस्किटांत मिळून चमचाभर. रोज सकाळी उपाशीपोटी हे जाणं चांगलं नाही, पण त्याने मूल बिघडत नाही. सासूबाईंशी दोन्ही गोष्टींवर भांडू नका. चहा सोडवा, बिस्किटं राहू द्या. मग हळूहळू बिस्किटांच्या जागी भिजवलेले दाणे वाटून, लाह्या, केळं, असं काही आजींच्याच हातून येऊ द्या. “डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून चहा बंद सांगितलाय” हे वाक्य घराघरांत चालतं, पण रक्त तपासून ते खरं असेल तरच वापरा. ज्या आजी सकाळी नातवाला मांडीवर घेऊन बशी पुढे करतात, त्यांना लबाडीने हरवायचं नाही.

यातलाच एक अवघड प्रकार. “डॉक्टर, मी त्याला अंडं देते, पण घरी सांगू नका.” शाकाहारी सासर, मुलाचं हिमोग्लोबिन कमी, आई माहेरी किंवा मैत्रिणीकडे नेऊन अंडं खाऊ घालते. मी घरी सांगत नाही. ती माहिती तिची आहे. अंड्याबद्दल माझं मत चांगलं आहे, एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं असतात आणि ते स्वस्त आहे. अंड्यावरून आपल्याकडे सरकारलाही ठाम राहता आलेलं नाही: नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं असं ठरलं, विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबला. पण त्या आईला मी एक सांगते. “आजीला सांगू नकोस हं” असं मुलाला सांगावं लागणार असेल, तर अंडं देऊ नका. चार वर्षांच्या मुलावर घरातलं गुपित सांभाळायची जबाबदारी टाकू नये. नवऱ्याशी बोला, त्याला माझ्याकडे पाठवा, मी सांगते. नाहीच जमलं तर डाळी, कडधान्यं, अळीव, हिरव्या पालेभाज्या, वर लिंबू, आणि गरजेप्रमाणे औषध, या मार्गानेही हिमोग्लोबिन वाढतं.

आता तो ग्रुप.

त्या फोटोंकडे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हा केवळ गरिबांचा प्रश्न आहे असं समजू नका; देशातल्या सर्वांत सुखवस्तू घरांतल्या मुलांमध्येही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. सुंदर डबे भरणाऱ्या घरांतली मुलंही यात आहेत. फोटो डबा भरताना काढलेला असतो, उघडून परत आलेल्या डब्याचा फोटो कुणी टाकत नाही.

शिवाय त्या फोटोंतलं सगळंच जेवढं सांगितलं जातं तेवढं गुणकारी नसतं. “साखर नाही” असं लिहिलेल्या लाडवात गूळ असतो, आणि गुळातही बहुतांश साखरच असते. नाचणी चांगली आहे, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम देते. पण तिच्यातलं लोह फायटेट या धान्यातल्याच घटकामुळे फारसं अंगी लागत नाही, म्हणून केवळ सत्त्वावर रक्त वाढत नाही. आणि ही तीच नाचणी, जिची भाकरी डब्यात आणली म्हणून कोकणातल्या आणि आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना शहरातल्या वर्गात हसत असत. पदार्थ तोच असताना तो अभिमानाने दाखवायचा की लपवायचा, हे बघणारे कोण आहेत यावर ठरतं. दुधात घालायच्या पावडरींचंही तसंच. किती वर्षं त्या चांगल्या आईची खूण म्हणून विकल्या गेल्या! एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही. आज ज्यावरून एक आई दुसरीला नावं ठेवते, ते बऱ्याच वेळा कालच्या जाहिरातीतून आलेलं असतं.

माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बायका मुलांना घेऊन येतात. मुलाच्या हातात पाच रुपयांचं कुरकुऱ्यांचं पाकीट असतं आणि केबिनमध्ये शिरताना ते पटकन पदराखाली जातं. त्या पाकिटामागचं कारण मी विचारलं आहे. दोन कामांच्या मध्ये वीस मिनिटं, घरी कुणी नाही, पाकीट नासत नाही, सांडत नाही, मूल रडायचं थांबतं. तिला “हे विष आहे” म्हटलं तर पुढच्या वेळी ती पाकीट बाहेरच टाकून येईल आणि मला काहीच कळणार नाही. त्याऐवजी भाजलेले फुटाणे आणि गुळाचा खडा, उकडलेलं अंडं, सकाळच्या चपातीचा तूप-मीठ लावलेला रोल, यातलं तिला कुठलं जमेल ते आम्ही दोघी मिळून ठरवतो. तिच्या मुलाच्या वाढीचा आलेख काही वेळा ग्रुपवरच्या मुलांहून चांगला असतो, कारण संध्याकाळी ते घरच्यांबरोबर एका ताटात वरण-भात, सुकट, भाजी खातं.

म्हणून दुसऱ्याचा डबा बघून मत बनवू नका. एका डब्यावरून आठवडा कळत नाही. मात्र गप्प बसू नये अशाही गोष्टी आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. चार वर्षांच्या आतल्या मुलाला कुणी अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षं देत असेल तर लगेच थांबवा, घशात अडकून जीव जातो. (वर मी फुटाणे सुचवले ते मोठ्या मुलांसाठी, लहानांना त्याचं पीठ.) वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवणं, बाटलीत चहा घालून देणं, शाळकरी मुलाला कॅफिनवालं एनर्जी ड्रिंक देणं, इथेही बोला. कडक शाकाहारात दूधही बंद केलं असेल आणि मूल सुस्त, फिकट होत असेल, शिकलेल्या गोष्टी विसरत असेल, तर बी-१२ तपासायला सांगा. बाळांमध्ये ही कमतरता मेंदूला इजा करते. हे सगळं एकट्याला गाठून, हळू आवाजात सांगायचं. ग्रुपवर नाही.

पालकांनी एकमेकांशी पूर्ण खरं बोललंच पाहिजे अशी एक जागा आहे: दुसऱ्याचं मूल आपल्या घरी जेवतं तेव्हा. दाण्याचं कूट आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत असतं, आपल्याला ते जाणवतही नाही. पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला त्याने श्वास बंद होईपर्यंत त्रास होऊ शकतो. केकमध्ये अंडं असतं. जैन घरच्या मुलाला कांदा-लसूण चालत नाही. चुकून दिलं गेलं तर त्याच दिवशी फोन करून सांगा. “कळणार नाही त्यांना” असं म्हणून सोडून देऊ नका. ते त्या आई-बापांचं मूल आहे आणि काय खाऊ घालायचं हा त्यांचा निर्णय आहे, मग तो तुम्हाला पटो वा न पटो. आणि तुमच्या मुलाला काही चालत नसेल तर तेही संकोच न करता आधी सांगा.

शाळेत डबे तपासून वर्गासमोर मुलाला उभं करत असतील, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि एवढीच विनंती करा की जे सांगायचं ते पालकांना चिठ्ठीने सांगावं. डबा मुलाने भरलेला नसतो.

राहता राहिली ती आई, जिने तुम्हाला रडत फोन केला. ग्रुपवर कबुलीजबाब लिहायची काही गरज नाही. तिथे लिहिलंत तर दिवसभर चर्चा होईल, कुणीतरी टोमणा मारेल, आणि पुढच्या खेपेला तुम्ही आणखी सावध व्हाल. पण त्या एका बाईला खरं सांगा, कारण तुमच्या वाक्यावरून ती स्वतःला दोष देते आहे. फोन करा, शक्य असेल तर शाळा सुटताना भेटा. “मी ग्रुपवर लिहिलं तसं आमच्याकडे नसतं. बिस्किटं असतात, मोबाइल असतो, भाजी म्हणजे बटाटा. मला लाज वाटली म्हणून तसं लिहिलं. तुमचं काही चुकत नाहीये.” एवढंच. समजूत घालू नका, सल्ला देऊ नका. ती रागावली तर रागावू द्या. बहुतेक वेळा समोरून पहिलं वाक्य येतं, “आमच्याकडेही…”, आणि पुढचा अर्धा तास तुम्हा दोघींना खूप दिवसांत मिळाला नसेल इतका उपयोगाचा जातो. ग्रुपवर यापुढे कुणी विचारलं तर “आज डब्यात पोळी-गूळ होता” असं एक खरं वाक्य पुरे. विचारलं नाही तर काहीही लिहू नका. नवऱ्याचं म्हणणं इतक्यापुरतं बरोबर आहे.

आणि याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. जाण्याआधी तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, मुलाने खाल्लेलं सगळं कागदावर लिहा: वेळ, पदार्थ, किती, कुणी दिलं, मोबाइल होता का. दूध मिलिलिटरमध्ये. नीटनेटकं लिहायला बसू नका, फ्रीजवर चिकटवलेल्या कागदावर जो देईल त्याने लिहावं, आजींनीसुद्धा. डॉक्टरांना सांगा, “मागच्या वेळी मी जे सांगितलं ते बरोबर नव्हतं, हे बघा.” समजूतदार डॉक्टर त्या कागदाकडे बघेल, तुमच्याकडे नाही. तिथे वजन-उंची आलेखावर मांडून घ्या आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. चहा आणि भाजीचा नकार दोन्ही असल्यामुळे ही तपासणी या मुलाला खरोखर हवी आहे. जंताचं औषध गेल्या सहा महिन्यांत झालं नसेल तर तेही विचारा. सरकारी ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप मोफत मिळतं, अंगणवाडी किंवा आशाताईंकडे चौकशी करा. डॉक्टर त्या कागदावरून तुम्हाला रागावलेच, तर मुलाची फाइल घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जा.